सीडलेस द्राक्षात बी असतं बरं का

पिंपळगाव-निफाडकडची द्राक्षं बाजारात आली की एक करून बघा, थॉमसन या सीडलेस जातीचा मोठा मणी घ्या आणि ब्लेडने उभा चिरा. मधोमध तिळापेक्षाही बारीक, पांढरट, मऊ कण दिसतील (नीट बघावं लागतं, काही मण्यांत सापडतच नाहीत). तेच बी, म्हणजे व्हायला निघालेलं पण अर्ध्यात राहिलेलं.

बऱ्याच जणांना वाटतं सीडलेसमध्ये बी धरतच नाही. थॉमसनमध्ये तसं नसतं, परागीभवन होतं, फलन पण होतं, बी वाढायला लागतं आणि काही आठवड्यांत आतला गर्भ मरतो, कवच टणक व्हायच्या आधीच, म्हणून दाताखाली काही येत नाही. पण बी फक्त पुढच्या वेलीसाठी नसतं ना, ते वाढताना जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करतं आणि त्याच्यामुळे भोवतीचा गर फुगतो. बी गेलं की मणी बारीकच राहणार.

मग आपल्याकडचा मणी एवढा टपोरा कसा? तर जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, हेच जिबरेलिन! मणी 3-4 मिलिमीटरचे झाले की बागेत डिपिंग सुरू होतं, मजूर मगात जीएचं पाणी घेऊन एकेक घड बुडवत जातात, मणी जरा वाढले की परत एकदा. बियाने आतून द्यायचं ते बाहेरून द्यायचं. सोबत थिनिंग, म्हणजे घडातले काही मणी काढून विरळणी, असतंच, नाहीतर मण्यांना फुगायला जागा कुठली.

आणि हे जीए सापडलं ते भाताच्या रोगातून. जपानमध्ये भाताची रोपं मधेच उंच, फिकट, लुकडी होऊन आडवी पडायची. हा रोग एका बुरशीमुळे व्हायचा. 1926 मध्ये जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी स्वतः नको, ती ज्यात वाढवली ते पाणी गाळून दिलं तरी रोपं तशीच वाढतात. त्यातला पदार्थ म्हणजे जिबरेलिन, आणि झाडं ते स्वतःही बनवतात हे नंतर कळलं. आजही ते टाक्यांमध्ये बुरशी वाढवूनच काढतात, त्यामुळे "केमिकल मारून फुगवलेली द्राक्षं" हे व्हॉट्सॲप ज्ञान मला जरा अतीच वाटतं.

बीच नाही म्हटल्यावर बाग लावायची काडीनेच, आपल्याकडे बहुतेक डॉगरिज नावाच्या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर (मुळांकडच्या भागावर) कलम करून. म्हणजे थॉमसनची प्रत्येक वेल ही एकाच वेलीची कॉपी. पण कधीतरी एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो आणि कोणातरी शेतकऱ्याच्या नजरेत भरतो, मग तीच काडी पुढे वाढवली जाते. तास-ए-गणेश ही जात अशीच निवडलेली, आणि सोनाका जातीचे लांबुडके मणी बघून वाटत नाही, पण तीही थॉमसनमधूनच निघालेली.