नागपुरातल्या लॅबचा रासायनिक कचरा : प्राधिकारपत्र कुणी घ्यायचं, कसं घ्यायचं?

प्रॅक्टिकल आटोपलं की उरलेलं रसायन बेसिनमध्ये ओतायचं आणि वरून नळ सोडायचा, ही सवय मोडायलाच हवी. क्लोरोफॉर्म किंवा पाऱ्याचे क्षार पाण्याने पातळ होतात, नाहीसे होत नाहीत.

घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार असा कचरा निर्माण करणाऱ्या किंवा साठवणाऱ्या जागेचा ताबा असणाऱ्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र, म्हणजे लेखी परवानगी, लागते. ती जागा कारखानाच असली पाहिजे असं नाही. त्यामुळे 'आमचं तर कॉलेज आहे' हे कारण पुढे करता येत नाही. पॅथॉलॉजीतले रक्ताचे नमुने आणि जंतूंची कल्चर मात्र जैववैद्यकीय कचऱ्याच्या वेगळ्या नियमांत मोडतात. ते या अर्जात मिसळू नका.

अर्ज नमुना 1 मध्ये, मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. नागपूरचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात आहे. अर्जाला मंडळाचंच स्थापनेचं आणि चालवण्याचं संमतीपत्र जोडावं लागतं. नूतनीकरण असेल तर जुन्या अटी पाळल्याचा स्वयंप्रमाणित अहवालही द्यावा लागतो. कचरा शेवटी कुठे जाणार हेही अर्जात विचारतात, म्हणून बुटीबोरीच्या सामायिक विल्हेवाट केंद्राच्या सदस्यत्वाचं काम आधीच उरकून घ्या.

अर्ज अडतो तो बहुतेक एकाच रकान्यात : वर्षाला कोणता कचरा किती? अंदाजाने आकडा टाकू नका. सत्र सुरू झाल्यापासून प्रत्येक कॅनशेजारी एक वही ठेवा. काय ओतलं, किती, कोणत्या तारखेला, एवढं लिहिलं तरी पुरतं. कॅनही वेगवेगळे हवेत. क्लोरीनयुक्त द्रावकं एकात, अ‍ॅसिटोन-इथेनॉलसारखी दुसऱ्यात, जड धातूंची द्रावणं तिसऱ्यात. नायट्रिक आम्ल सेंद्रिय द्रावकांत कधीच नको, वायू साठून कॅन फुटतो. सायनाइडला तर आम्लाचा वाराही लागू देऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो आणि इथर 35 च्या आसपासच उकळतं. म्हणून कॅन काठोकाठ भरू नका आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर मुळीच ठेवू नका.

लेबलचा नमुना 8 आहे. चमकदार पिवळी पार्श्वभूमी, त्यावर 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे लाल अक्षरांत, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. लेबल पाण्याने न धुपणारं हवं. त्यावर साठवणीची तारीख आणि कोणत्या पदार्थाशी जमत नाही, हेही येतं. लॅबमधल्या परिचराच्या दृष्टीने ही शेवटची नोंद सगळ्यात मोलाची, कारण कॅन उचलणारे हात त्याचे असतात.

परिपूर्ण अर्जावर 120 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो आणि प्राधिकारपत्र 5 वर्षं चालतं. कचरा 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा असणाऱ्यांना मंडळ ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. रोजची नोंद नमुना 3 मध्ये ठेवायची. कचऱ्याची गाडी निघताना नमुना 10 चं मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचं नोंदपत्र, सात प्रतींत करायचं. अपघात झालाच तर नमुना 11 मध्ये मंडळाला लगेच कळवायचं. वार्षिक विवरण नमुना 4 मध्ये 30 जूनपर्यंत द्यायचं असतं. तेव्हा कॉलेजात प्रवेशांची गडबड असते, त्यामुळे ते मे महिन्यातच भरून टाका.