याश्चिलान
याश्चिलान : मेक्सिकोच्या चिआपास राज्यातील प्राचीन माया नगर. येथे उसुमासिंता नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते. त्या वळणाच्या आत, तीरालगतच्या सपाटीवर आणि मागच्या टेकड्यांवर अवशेष पसरले आहेत. पैलतीर ग्वातेमालात येतो. राजवंशाचा आरंभ योपात बालाम पहिला याच्यापासून, बहुधा इ. स. ३५९ मध्ये. जुन्या संदर्भग्रंथांत ३२० हे साल आढळते. मात्र हा आरंभ सांगणारी राजावली सहाव्या शतकात कोरलेली असल्याने आरंभीचा भाग जपूनच वाचावा लागतो.

नगराची कीर्ती दारांवरच्या कोरीव दगडी लिंटेलांमुळे (दाराच्या माथ्यावर आडव्या बसवलेल्या शिळांमुळे) आहे. इत्समनाह बालाम तिसरा (काहींच्या गणनेने दुसरा, कार. ६८१–७४२) याच्या काळात राणी कबाल शोक हिच्या वास्तूवर (क्र. २३) बसवलेली तीन लिंटेले माया शिल्पकलेत सर्वोत्कृष्ट ठरावीत. लिंटेल २४ वर राजा मशाल धरून उभा आहे. समोर गुडघे टेकलेली राणी काटे ओवलेली दोरी जिभेतून ओढते आहे, दोरीचे टोक रक्ताने माखलेल्या कागदांच्या टोपलीत पडले आहे. रक्तार्पणाच्या विधीचा हा प्रसंग ७०९ मधला. तिच्या झग्याच्या विणीतली नक्षीही शिल्पकाराने सोडलेली नाही.

७४२ ते ७५२ या दशकात गादी रिकामी होती की कोणी राजा होता, याविषयी मतभेद आहेत. इत्समनाह बालामनंतर दहा वर्षांनी गादीवर आलेला याशून बालाम चौथा (पक्षी-जॅग्वार) हा कबाल शोकचा नव्हे, कालाकमुल या दुसऱ्या माया नगराकडील दुसऱ्या राणीचा मुलगा. आपल्या स्तंभ ११ वर त्याने ७४१ च्या विधीत स्वतःला पित्यासमोर उभे दाखवले आहे. याश्चिलानचे लेख मधल्या राजाविषयी मौन पाळतात. उलट नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या पिएद्रास नेग्रास या प्रतिस्पर्धी माया नगरातील फलक ३ वर, ७४९ च्या समारंभासंदर्भात, याश्चिलानचा राजा म्हणून योपात बालाम दुसरा याचे नाव येते. हा फलकही घटनेनंतर काही दशकांनी कोरलेला आहे. तरीही विजेत्याने स्वतःच्या दारावर लिहवून घेतलेल्या इतिहासापेक्षा शेजाऱ्याची ही साक्ष अधिक वजनदार वाटते. गादी रिकामी नव्हती, मधल्या राजाचे नाव नंतर गाळले गेले, हे मत त्यामुळे सयुक्तिक ठरते.

नदीपात्रातील दगडांच्या ढिगाला अभियंता जेम्स ओ’कॉन यांनी दोरखंडाच्या झुलत्या पुलाचा आधार मानले. पावसाळ्यात नदी ओलांडणे दुष्कर होते, हा त्यांचा युक्तिवाद योग्य आहे. पण दोरखंड टिकणारे नसल्याने पुलाला थेट पुरावा नाही. हा ढीग धक्क्याचा भाग असण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते.

शेवटचा ज्ञात लेख (लिंटेल १०) ८०८ चा असून त्यात पिएद्रास नेग्रासचा राजा पकडल्याची नोंद आहे. पुढे नवव्या शतकात नगर ओस पडले.

१८८२ मध्ये आल्फ्रेड मॉडस्ले आणि देझिरे शार्ने या संशोधक-प्रवाशांची येथेच गाठ पडली. मॉडस्ले यांनी नेलेली लिंटेल २४ व २५ ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तर २६ मेक्सिको सिटीत आहे. आज रूढ असलेले नाव संशोधक टेओबर्ट मालेर यांनी दिले. राजांचा क्रम १९६३–६४ मध्ये माया लेखांच्या अभ्यासक तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी लावला. १९७३ पासून रोबेर्तो गार्सिया मोल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननाचा भर मुख्य चौक आणि मंदिरे यांवर राहिला.