उभ्या गाडीला आधी चावी लावू नका

गणपती, शिमगा आणि मे महिना जवळ आला की आम्हा गॅरेजवाल्यांना एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. "गाडी दोन वर्षं घरासमोर उभी होती. काल नवीन बॅटरी लावली, सेल्फ मारला, थोडी घरघरली आणि आता काहीच करत नाही. येऊन बघता का?" आम्ही येतो. हेदवी, वेळणेश्वर, दाभोळच्या बाजूलाही येतो. पण खरं सांगायचं तर त्या 'काल'मुळे दोन दिवसांचं काम आठ दिवसांवर जातं आणि तुमची सुट्टी गॅरेजच्या फेऱ्यांत संपते. म्हणून हे पत्रक.

बाहेरून धुतली की गाडी चांगलीच दिसते. आत काय झालंय ते वेगळं. आपल्याकडे कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्राची खारी हवा असते. इंजिन कुठल्याही स्थितीत थांबलं तरी एखाददुसरा वॉल्व्ह उघडा राहतोच. तिथून दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते, ऑइल तर केव्हाच खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरून बसतात. अशा इंजिनाला जोरात सेल्फ मारला की गंजाचे कण पॉलिश पेपरसारखे लायनर घासतात, कधी रिंगच तुटते. धक्का मारून गिअर टाकणं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा अख्ख्या गाडीचं वजन त्या जाम रिंगांवर येतं.

एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर प्रकरण आणखी गंभीर. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि मग पिस्टनला खालून जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा हे आम्ही फार जवळून पाहिलं. ज्यांनी चावी न लावता गाडी टोचन करून आणली, त्यांची इंजिनं बहुतेक वाचली. ज्यांनी "बघू तरी" म्हणून सेल्फ मारला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं इंजिन खाली उतरवावं लागलं.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. टाकीतला पंप पेट्रोल उचलतो तेही तळातूनच. राहिलेलं पेट्रोल जुनं होऊन चिकट होतं. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, वार्निशसारखा आला तर ते पेट्रोल गेलं. बरेच जण म्हणतात, "सेल्फ नाही मारला, नुसती चावी ऑन केली." इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि तोच चिकटा इंजेक्टरपर्यंत नेऊन सोडतो. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये निदान जेट काढून साफ करता येतात. इंजेक्टर आणि पंप बदलायचे म्हटले तर बिल तुम्हालाही जड जातं आणि ते लिहिताना आम्हालाही बरं वाटत नाही.

आमच्यावर एक नेहमीचा आक्षेप आहे: "साधी बॅटरी उतरलीय, तुम्ही प्लग कशाला काढता?" कारण हे. आम्ही आधी चारही बाजूंनी तळ बघतो. मग सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे ऑइल सोडतो आणि गाडी रात्रभर तशीच ठेवतो. सकाळी पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवतो. हाताला अडकल्यासारखं लागलं तर थांबता येतं, सेल्फला ते कळत नाही. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले की ऑइल आणि फिल्टर बदलायचे. मग जुनी टाकी रिकामी करून धुवायची आणि प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ द्यायचा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. नवीन पेट्रोल धुतलेल्या टाकीतच. डिझेल गाडीत प्लगऐवजी नोझल किंवा हीटर काढावे लागतात, म्हणून वेळ थोडा जास्त. त्या एका रात्रीचे आम्ही पैसे लावत नाही, पण ती रात्र आम्ही वगळतही नाही.

तळ आधी का? पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाचा पातेरा, म्हणजे गळलेला पाला, कुजतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. वरून मॅटिंग कोरडं, खाली पत्रा चाळणी. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी तर आतल्या आत घामेजते, उघड्या गाडीपेक्षा लवकर सडते. जॅक लावायची जागाच गेली असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो की इंजिनावर खर्च करू नका. असं सांगून काही कामं आम्ही सोडलीही आहेत. पाहणीची फी घेतो. काम आमच्याकडे केलंत तर ती बिलातून वजा होते. काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवून देतो.

ब्रेकचं थोडक्यात: हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी ट्रॅक्टरने ओढू नका, लायनिंग ड्रमला चिकटून उपटून येतं. ब्रेक ऑइलही पाणी धरतं, ते बदलायचंच. टायरची नक्षी चांगली दिसली तरी कडेचे चार आकडे बघा. २३१८ म्हणजे २०१८ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. आणि नोंदणीची १५ वर्षं उलटली असतील, विमा किंवा पीयूसी संपली असेल, तर ते होईपर्यंत आम्ही गाडी रस्त्यावर ट्रायलला काढत नाही.

आम्ही येईपर्यंत बॅटरीची काळी वायर काढून ठेवा, एवढं पुरे. बॉनेट उघडण्याआधी मात्र काठीने ठोका आणि चाकांमागच्या पातेऱ्यात हात घालू नका, फुरसं हा विषारी साप असतो.

पुढच्या वेळी ही पाळीच येऊ नये असं वाटत असेल तर चावी आमच्याकडे ठेवून जा. महिन्यातून दोनदा आमचा माणूस गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणतो. शेजाऱ्याला सांगून पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करणं उलट वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि बॅटरीही भरत नाही. गणपतीसाठी गाडी हवी असेल तर जुलै संपायच्या आत कळवा.

फोन करताना गाडीचं मॉडेल, साल, कधीपासून उभी आहे आणि टाकीत अंदाजे किती पेट्रोल आहे ते सांगा. मध्ये कोणी चावी फिरवून बघितली असेल तर तेही सांगा. आम्ही रागावत नाही, पण काम कुठून सुरू करायचं ते त्यावरच ठरतं.