शिडी, जिना, लिफ्ट (मराठवाडा)

एका मजल्यावरनं दुसऱ्यावर माणसं नि सामान न्यायची ही साधनं. जुना नमुना बघायचा तर वेरूळ, 12 नंबरची तीन ताल लेणी, तीन मजले जिन्यासकट खडकातच कोरलेत. शेजारच्या 11 नंबरचा एक मजला मातीत गाडलेला होता म्हणून तिला दोन ताल म्हणायचे, तो मजला 1876 मध्ये सापडला पण नाव तेच राहिलं. दौलताबादच्या किल्ल्यातलं 'अंधारी' नावाचं भुयार, तीसुद्धा चढायचीच वाट, फक्त वर येणारा शत्रू काळोखात चुकावा म्हणून केलेली.

जुन्या वाड्यात जिना बहुतेक जाड भिंतीच्या पोटात, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा, पायऱ्या उंच, आणि वरच्या तोंडाला लाकडी झाकण लावलं की चोर खालीच. साध्या घराला माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, जायला लाकडी शिडी, वाळवणं, मिरच्या, उन्हाळ्यातली अंथरुणं सगळं तिच्यावरनंच. आमची आजी एका हातात डाळीचं सूप धरून चढायची. धान्याची युक्ती मला लई आवडते, काही घरांत बळदाचं, म्हणजे धान्याच्या कोठाराचं, तोंड माळवदावर असायचं, सुगीला पोती वरनं ओतायची आणि वर्षभर खालच्या भोकातनं लागेल तेवढं काढायचं, म्हणजे वजन एकदाच चढवायचं. पण तेच मातीचं जड माळवद आणि दगड-मातीच्या भिंती 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर आल्या, हजारो जीव गेले.

बांधकामावर आजही घमेली हातोहात वर जातात, नाहीतर कप्पी. वर टांगलेल्या एकट्या कप्पीनं वजन कमी होत नाही, पण दोर खाली ओढताना अंगाचा भार कामी येतो. जोडीला हलती कप्पी लावली की निम्म्या जोरात काम होतं, दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो.

लिफ्ट म्हणजे त्याच कप्पीचं पुढचं रूप, एका बाजूला केबिन आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी वजन, त्यामुळं मोटरला फक्त दोन्हीतला फरक ओढावा लागतो. दोर तुटला तर? त्यासाठी ब्रेक तयार करणाऱ्या एलिशा ओटिस या अमेरिकन माणसानं 1854 मध्ये न्यूयॉर्कला भर प्रदर्शनात वर उभं राहून दोर कापायला लावला, ब्रेकनं पाळणा जागीच धरला.

आपल्याकडं खरी अडचण लाईटीची. एका दवाखान्यात लिफ्ट बंद होती म्हणून पाय मोडलेल्या मामाला आम्ही चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेलं, जिन्याचं वळण इतकं तोकडं की खुर्ची तिरकी करावी लागली आणि मामानं दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला. लाईट गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणारं यंत्र लिफ्टला बसवता येतं, ते आत अडकलेल्यांसाठी, खाली थांबलेल्या पेशंटला त्याचा उपयोग नाही. रॅम्पला 1 फूट चढायला 12 फूट लांबी लागते, तेवढी जागा कुणी सोडत नाही, मग उरतो जिनाच. तो तरी रुंद बांधावा, पायरी 6-7 इंच उंच, 10-11 इंच रुंद आणि सगळ्या एकसारख्या, कारण एखादीच पायरी कमीजास्त झाली तरी पाय नेमका तिथंच अडखळतो.