बँक्स द्वीपकल्प

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चला लागून असलेले ज्वालामुखीजन्य द्वीपकल्प. लिटलटन आणि आकारोआ या दोन मोठ्या ज्वालामुखींपासून ते मुख्यतः १·१ कोटी ते ८० लाख वर्षांपूर्वीच्या काळात घडले. खडक सह्याद्रीसारखाच बेसाल्टचा, पण सह्याद्रीचा लाव्हा भेगांतून पसरला, तर येथे ढालीच्या आकाराचे डोंगर उभे राहिले. त्यांच्या माथ्यांची झीज होऊन दऱ्या रुंदावल्या आणि हिमयुगानंतर समुद्र वर चढून त्यांत शिरला. लिटलटन व आकारोआ ही बंदरे अशी तयार झाली. मुळात हे बेटच होते. सदर्न आल्प्स या पर्वतरांगेतील नद्यांच्या गाळाने कँटरबरीचे मैदान पुढे सरकले आणि हे बेट मुख्य भूमीला जोडले गेले. १७७० मध्ये जेम्स कूकने समुद्रावरून पाहून नकाशात चुकून बेटच दाखवले व त्याला निसर्गाभ्यासक जोसेफ बँक्सचे नाव दिले. ‘ते आहू पाटिकी’ (९१९ मी.) हे सर्वोच्च शिखर.

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांनी, माओरींनी दिलेले नाव ‘ते पाताका ओ राकाइहाउतू’. राकाइहाउतू या पूर्वजाने काठीने खणून दक्षिण बेटावरील सरोवरे केली आणि शेवटी ती काठी आकारोआजवळ रोवली, तिचाच डोंगर झाला, अशी कथा आहे. नाइ ताहू या माओरी जमातीचे या भूमीशी नाते आजही जिवंत आहे. ऑगस्ट १८४० मध्ये फ्रेंच वसाहतकरी आकारोआला पोहोचले, तोवर ब्रिटिशांनी सार्वभौमत्व जाहीर केले होते. तरीही हे फ्रेंच तेथेच राहिले. गावातील काही रस्त्यांना आजही फ्रेंच नावे आहेत.

जवळजवळ सगळे द्वीपकल्प एके काळी जंगलाखाली होते. माओरी काळात त्याचा काही भाग जळाला, उरलेले बहुतेक युरोपीय वसाहतकऱ्यांनी लाकूड व कुरणांसाठी १९००पर्यंत संपवले. कुंपणासाठी युरोपातून आणलेले गॉर्स हे काटेरी झुडूप मग उतारांवर माजले. १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू विल्सन यांनी द्वीपकल्पावरील हिनेवाई राखीव क्षेत्रात गॉर्स तोडायचेच नाही असे ठरवले. शेजारच्या शेतकऱ्यांना हा वेडेपणा वाटला. पण गॉर्सला ऊन लागते, सावलीत ते तगत नाही. त्याच्या आडोशाला माहोएसारख्या स्थानिक झाडांची रोपे वाढली, उंच झाली आणि त्यांच्या सावलीत गॉर्स मरत गेले. पेरणी पक्ष्यांनी व वाऱ्याने केली. इतक्या कमी खर्चाचे वनसंवर्धन क्वचितच आढळते. २०२१ मध्ये ‘ते आहू पाटिकी’ शिखराचा परिसरही लोकवर्गणीच्या मदतीने संवर्धनासाठी विकत घेण्यात आला.

किनाऱ्यालगत हेक्टर डॉल्फिन आढळतो. जेमतेम दीड मीटर लांबीच्या या प्राण्याच्या पाठीवरचा पर गोलसर असतो. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून तो मरू लागल्याने १९८८ मध्ये येथे सागरी अभयारण्य झाले.