पोटात बाळ, पिशवीच्या तोंडाशी कर्करोग

गरोदरपणात अंगावर थोडं लाल गेलं की पहिला संशय वारेवर. सोनोग्राफी होते, बाळाचे ठोके नीट असतात, आणि ‘आराम करा’ ऐकून बाई घरी परतते. गर्भपिशवीचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, मात्र कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. वार खाली असेल तर बोटांनी तपासू नये हे खरंच. पण स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून आत पाहायचं साधन, हलक्या हाताने लावून बघायला दोन मिनिटं पुरतात. तोंडावरच्या पेशी घेऊन बघण्याची पॅप तपासणी दिवस गेलेले असतानाही करता येते, संशयास्पद जागेचा तुकडाही काढता येतो. तोंडाच्या नळीत खरवडणं तेवढं टाळतात.

तुकड्यात फक्त कर्करोगाआधीचे बदल निघाले तर घाई नको. नऊ महिन्यांत ते क्वचितच पुढे सरकतात, काही तर बाळंतपणानंतर आपोआप मावळतात. सव्वा महिना उलटल्यावर पुन्हा तपासायचं, एवढंच.

कर्करोगच निघाला, तर सगळं दोन आकड्यांवर येतं: गाठ किती सेंटिमीटरची आणि आठवडा कितवा. अगदी सूक्ष्म रोग असेल तर बाराव्या ते विसाव्या आठवड्याच्या दरम्यान गर्भपिशवीच्या तोंडाचा शंकूच्या आकाराचा भाग कापून काढता येतो, गर्भ राहतो. वाढलेल्या रोगाला एरवी रेडिएशन देतात, पण ओटीपोटावर दिलेल्या त्या किरणांत गर्भ वाचत नाही. म्हणून मोठी गाठ सुरुवातीच्या महिन्यांतच सापडली, तर बहुतेकदा गर्भ सोडून देण्याचा सल्ला द्यावा लागतो.

उशिरा सापडली तर केमोथेरपीने वेळ मिळवता येतो. पहिले तीन महिने बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा ती देत नाहीत. पुढे सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनसारखी औषधं देता येतात. बाळंतपणाआधी सुमारे तीन आठवडे थांबवतात, कारण औषधानंतर काही काळ आईच्या आणि बाळाच्याही रक्तपेशी कमी झालेल्या असतात. ‘औषधापेक्षा बाळ लवकर काढा’ असं घरच्यांना वाटतं. पण आईला गरोदरपणात कर्करोग झालेल्या १२९ मुलांचा युरोपीय डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळं सांगतो: बौद्धिक वाढीतला फरक जुळत होता तो अपुऱ्या दिवसांशी, केमोथेरपीशी नव्हे.

गाठ तोंडाशी असताना बाळंतपण सिझेरियननेच करतात. नैसर्गिक प्रसूतीत गाठीतून रक्तस्राव होऊ शकतो, योनीजवळच्या टाक्यांच्या जागी कर्करोग रुजल्याच्याही नोंदी आहेत. २०२१ मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याहून विलक्षण गोष्ट मांडली. दोन मुलगे, एक तेवीस महिन्यांचा, दुसरा सहा वर्षांचा, दोघांच्या फुप्फुसांत गाठी. दोघांच्याही आयांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता, पण निदान झालं बाळंतपणानंतर. मुलांच्या गाठींतल्या पेशी तपासल्या, तर मुलग्यांच्या पेशींत असतं ते वाय गुणसूत्रच त्यांत नव्हतं. पेशी आईच्या होत्या. जन्मताना पहिल्या श्वासांबरोबर त्या आत गेल्या असाव्यात, असा डॉक्टरांचा निष्कर्ष.