भूकंप की अणुचाचणी?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत पाकिस्तानात चार रिश्टरच्या आसपासचे भूकंप झाले आणि व्हॉट्सॲपवर ‘गुप्त अणुचाचणी’ची अफवा सुटली. अशा वेळी अफवा पसरवणं हा निव्वळ आततायीपणा आहे, कारण भूकंप आणि अणुस्फोट वेगळे ओळखण्याचं शास्त्र आज चांगलंच विकसित झालं आहे.

शांततेचा या शास्त्राशी थेट संबंध आहे. शत्रूच्या नुसत्या शब्दावर कोणी शस्त्र खाली ठेवत नाही; त्याने करार मोडलाच तर आपल्याला कळेल, ही खात्री लागते. १९६३ च्या मॉस्को कराराने हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी आली. भूमिगत चाचण्या मात्र सुटल्या. संशयास्पद धक्क्यांच्या वर्षाला किती तपासण्या प्रत्यक्ष जागेवर करायच्या, यावर अमेरिका सातवर अडली आणि सोव्हिएत संघ तीनच्या वर जाईना.

भूकंपात प्रस्तरभंगाच्या (खडकातल्या भेगेच्या) दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात. त्यामुळे काही केंद्रांवर पहिला धक्का ढकलल्यासारखा नोंदला जातो, काहींवर ओढल्यासारखा. स्फोट खडकाला चहूबाजूंनी बाहेर रेटतो, म्हणून सगळीकडे आधी ढकलणंच. लहान स्फोटात ही पहिली हालचाल गोंगाटात बुडते. मग तीव्रतेचे दोन आकडे काढतात: एक पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या प्राथमिक लहरींवरून, दुसरा पृष्ठभागावरच्या, सुमारे २० सेकंद आवर्तकाळाच्या संथ लहरींवरून. पहिला आकडा सारखा असला तरी स्फोटाचा दुसरा आकडा सहसा भूकंपाच्या मानाने बराच लहान येतो. स्फोटाचा उगम आटोपशीर आणि क्षणिक असतो. प्रस्तरभंग लांबवर आणि जास्त वेळ सरकतो. खोलीही बोलते. रशियातल्या कोला द्वीपकल्पात माणसाने खणलेलं विक्रमी छिद्र १२ किलोमीटरच्या जरासंच पुढे गेलं, म्हणून २० किलोमीटर खोलवरचा धक्का माणसाचा असूच शकत नाही.

उत्तर कोरियाची ९ ऑक्टोबर २००६ ची चाचणी एक किलोटनाहूनही लहान होती, तरी जगभरच्या केंद्रांनी ती टिपली. पुढे कॅनडातल्या यलोनाइफला तिचा, म्हणजे अणुस्फोटातून निघणारा, किरणोत्सारी झेनॉन वायूही सापडला.

१९९६ चा सर्वंकष चाचणीबंदी करार अजून लागू नाही; भारत आणि पाकिस्तान, दोघांचीही त्यावर सही नाही. भूकंपमापकं मात्र कामाला लागलेली आहेत.

युद्ध न्याय्य म्हणायचं तर आरोप आधी तपासू देणं ही माझ्या मते पहिली अट. इराककडे महासंहारक अस्त्रं असल्याच्या आरोपाच्या तपासाला आणखी काही महिने लागतील, असं संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्च २००३ ला सुरक्षा परिषदेत सांगितलं. २० मार्चला अमेरिका आणि मित्रदेशांचा इराकवर हल्ला सुरू झाला. नंतर खुद्द अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या शोधपथकालाही अशा अस्त्रांचे साठे सापडले नाहीत.